‘आय. जी. आय.’ हा खेळ खेळावा काय ?

संगणकावरील खेळांविषयी पालकांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते, व तिचे उत्तरही विद्यार्थ्यांकडून तितक्याच वेळा येते. पालक म्हणतात, “मुलगा पडद्यापुढे बसला की बंदुकीवाचून त्याला काही सुचत नाही.” मुले म्हणतात, “सगळे खेळ सारखे नसतात. काहींना डोके लागते.” या वादात ज्या खेळावरून भांडण चालले आहे, तो खेळ दोघांनी मिळून नीट पाहिला आहे असे मात्र क्वचितच आढळते. यास्तव एकच प्रसिद्ध खेळ हाती घेऊन त्याचे गुणदोष तोलून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

आम्ही निवडलेला खेळ म्हणजे ‘प्रोजेक्ट आय. जी. आय.’ होय. नॉर्वे देशातील इनरलूप स्टुडिओज या मंडळींनी तो रचिला व आयडॉस कंपनीने २००० सालच्या डिसेंबरात बाजारात आणिला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी नेट कॅफे निघू लागले, त्या दिवसांत हा खेळ पोरांच्या तोंडी झाला. त्यास इंटरनेट लागत नाही व जुना संगणकही पुरतो. म्हणून शहरात विस्मृतीत गेलेला हा खेळ साखऱ्यासारख्या गावी थोरल्या भावाच्या संगणकावरून धाकट्याच्या हाती सहज येऊ शकतो.

खेळ असा आहे. जोन्स नावाचा एक माजी ब्रिटिश सैनिक चोरीस गेलेल्या अण्वस्त्राच्या शोधार्थ शत्रूच्या तळांत एकटाच शिरतो. मोहिमा एकंदर १४. हाती दुर्बीण, सायलेन्सर लावलेली बंदूक, आणि उपग्रहावरून पाहिल्यासारखा तळाचा नकाशा दाखविणारे एक यंत्र. मैदान ऐसपैस; कोणत्या बाजूने शिरावे हे बहुधा खेळणाऱ्याने ठरवावयाचे. कॅमेऱ्याच्या दृष्टीस पडलात की भोंगा वाजतो आणि बराकींतून शिपाई धावून येतात.

न दिसता जाणे हेच ज्याचे सूत्र, असा खेळांचा प्रकार यापूर्वीच रूढ झाला होता. जपानात हिदेओ कोजिमा यांनी १९८७ साली ‘मेटल गिअर’ रचिला, तेव्हा त्या काळच्या यंत्रास पडद्यावर पुष्कळ शिपाई एकदम दाखविणे झेपत नव्हते. तेव्हा लढण्याऐवजी लपण्याचाच खेळ का करू नये, असा विचार त्यांनी केला. साधनांच्या उणिवेतून एक नवी कल्पना जन्मास आली, ही गोष्ट आमच्या ग्रामीण विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

आता गुणांकडे वळू. या खेळात उतावळा मनुष्य दोन मिनिटांत मरतो. आधी टेकडीवरून दुर्बिणीने पाहावे, पहारेकरी किती व कोठे फिरतात ते मोजावे, कॅमेरे कोणत्या संगणकावरून बंद होतात ते हेरावे, आणि मगच पाऊल टाकावे. आमच्या इतिहासास ही रीत अपरिचित नाही. १६६३ च्या एप्रिलात शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी रात्री लाल महालात शिरले आणि शाएस्तेखान बोटे गमावून बचावला. वाडा महाराजांच्या बालपणापासून माहितीचा होता, वेळ रमजानच्या महिन्यातील रात्रीची निवडली होती, आणि शिरण्याइतकाच निसटण्याचाही विचार झाला होता. थोड्या बळाने मोठे काम साधावयाचे तर आधी माहिती लागते, हा धडा या खेळातही मिळतो, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

परंतु दोषही लहान नाहीत. पहिला दोष असा की मोहिमेच्या मध्यावर खेळ सेव्ह करता येत नाही. अर्धा तास दबकत जावे, आणि शेवटच्या दारापाशी एका गोळीने सारे व्यर्थ जाऊन पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी. कित्येकांस यात धीराचे शिक्षण दिसते. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु भारनियमनाच्या दिवसांत, चूक काहीच नसता, वीज जाऊन सारी मोहीम पुसली गेली, तेव्हा आमचे मत पालटले. स्वतःच्या चुकीचे फळ भोगण्याने मनुष्य सुधारतो. दुसऱ्याच्या चुकीचे फळ भोगण्याने तो केवळ चिडतो. आणि चिडलेला मुलगा “आता एकदाच” म्हणत रात्रीचे जेवण विसरतो. २००३ साली निघालेल्या दुसऱ्या भागात मोजक्या वेळा सेव्ह करण्याची सोय दिली गेली. आमच्या मते तोच मध्यम मार्ग योग्य होय.

दुसरा दोष पहारेकऱ्यांचा. भोंगा वाजला म्हणजे बराकीतून एकामागून एक नवे शिपाई निघतच राहतात. मारलेल्यांची मोजदाद व्यर्थ ठरते. विचारपूर्वक आखलेला बेत असा फसला की तो का फसला हे कळत नाही, आणि ज्या चुकीचे कारण कळत नाही तिच्यापासून शिकताही येत नाही.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. खेळाचे नाव गुप्ततेचे, पण वाटेतील माणूस गोळी घालून दूर करणे हाच बहुधा सोपा मार्ग ठरतो, व त्याचा हिशेब खेळ कोठेही मागत नाही. १९९८ साली निघालेल्या ‘थीफ’ नामक खेळात सर्वांत कठीण पायरीवर माणूस मारण्यासच मनाई आहे; तेथे संयम हीच खरी परीक्षा होते. तुलनेने ‘आय. जी. आय.’ कौशल्य शिकवितो, परंतु त्या कौशल्याची किंमत विचारीत नाही. लाल महालातही माणसे मेली, आणि त्यांच्या घरी रडणारे कोणी होते. पडद्यावरील शिपायास घर नसते, म्हणून ही गोष्ट खेळणाऱ्यास बाहेरून कोणीतरी सांगावी लागते. ते काम पालकांचे आहे.

मग आमचा निर्णय काय ? खालच्या वर्गांतील मुलांनी हा खेळ खेळू नये. वरच्या वर्गांतील मुलांनी खेळावा, परंतु एका बैठकीस एकच मोहीम, आणि दोनदा हरल्यास त्या दिवशी संगणक बंद. पालकांस विनंती अशी की, सरसकट बंदी घालण्यापूर्वी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि मुलास विचारावे, “आता कोठून जाणार ? का ? गोळी न घालता जाता येईल काय ?” उत्तर विचारपूर्वक आले, तर त्याचे डोके खरेच चालले आहे असे समजावे. उत्तर आलेच नाही, तर पालकांची तक्रार खरी. दोन्ही प्रसंगी त्या संध्याकाळी बापलेक एकाच गोष्टीविषयी बोलले, एवढा लाभ तरी पदरी पडेलच.