शब्द घ्यावा, पण कशासाठी?

बासरला नांदेड-धर्माबादकडची कुटुंबे मुलांना अक्षराभ्यासासाठी सरस्वतीपुढे घेऊन येतात. त्याच गावातल्या ट्रिपल आयटीत शिकणाऱ्या, ओळखीच्या एका मराठी मुलाने परवा विचारले, ‘काका, शब्दकोशातले चांगले शब्द डोमेन म्हणून घेऊन ठेवले तर पुढे विकले जातील का?’ त्याने शिष्यवृत्तीतले पैसे यासाठी बाजूला काढले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मोह पडण्यासारखी उदाहरणे आहेत. २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी कंपनीने व्हॉइस.कॉम हे नाव ३ कोटी डॉलरला विकले. मुंबईच्या अनुपम मित्तल यांनी शादी.कॉम हे नाव २५ हजार डॉलर मोजून घेतले. पण मित्तल यांचा लग्न जुळवण्याचा व्यवसाय सगाई.कॉम या नावाने आधीच सुरू होता. किंमत आली ती त्या गरजेमुळे. म्हणून पहिला प्रश्न हा की, हा शब्द कोणत्या धंद्याला लागतो आणि त्या धंद्यात नावासाठी पैसे मोजणारे आहेत किती? ‘शादी’ला हिंदी मुलुखातलेही गिऱ्हाईक होते. निव्वळ मराठी शब्दाला ते मिळत नाही.

दुसरी अडचण लिहिण्याची. ऐकलेले नाव न चुकता टाइप करता आले पाहिजे. ‘शाळा’ रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, ‘कमळ’ लिहायला जावे तर ‘कमल’ होते. शब्द कितीही गोड असला तरी गिऱ्हाईक भलत्याच पत्त्यावर पोहोचते आणि भाव तिथेच पडतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘.भारत’ आले तेव्हा हा घोळ मिटला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे चालत नाही आणि असे नाव चढ्या भावाने घेणारेही फार थोडे.

भाव पाहताना मागितलेली किंमत धरू नये. नेमबायोसारख्या ठिकाणी झालेले व्यवहार नोंदलेले असतात, ते पाहावेत. आपोआप अंदाज सांगणाऱ्या साइट बहुधा हुरूप वाढवणारे आकडे देतात. शिवाय नाव दरवर्षी नूतनीकरण मागते. दहा नावे दहा वर्षे सांभाळली की शंभर वेळा फी भरावी लागते, आणि बहुतेक नावांना गिऱ्हाईक कधीच येत नाही. प्रसिद्ध ब्रँडच्या जवळचे नाव तर घेऊच नये. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल देत ‘रॅडिफ’ नाव वापरायला मनाई केली होती.

त्या मुलाला माझे सांगणे असे, की पुनर्विक्रीसाठी मराठी शब्द साठवू नकोस. शिष्यवृत्तीचे पैसे अभ्यासाला लाव. आणि ज्या शाळा, वाचनालये, प्रकाशक यांना आपले नाव खरोखर चालवायचे आहे, त्यांनी मात्र ‘.भारत’वर ते आजच घ्यावे.