गढूळ पाणी आणि तुरटीची सवय

सांगली-साताऱ्याकडे समुद्र नाही, पण हौसेला मोल नसतं! टाकीसाठी तयार समुद्री मीठ मिळतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. (स्वयंपाकाचं मीठ चालत नाही बरं का. माशांना लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नसतं.) झाला हॉलमध्ये समुद्र तयार. आणि मग एके दिवशी सकाळी बघावं, तर टाकीत पाण्याऐवजी ताक!

अशा वेळी पहिला प्रश्न येतो, "आता यात काय टाकू?" माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे.

तो येतो कुठून, तेही उघड आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण त्यात तुरटी फिरवतो. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, तुरटी त्यांचे गोळे करते आणि ते तळाशी बसतात. तिथे हे बरोबरच आहे, कारण तिथे गाळ हीच अडचण असते. टाकीत मात्र गढूळपणा ही नुसती बातमी असते. खरी भानगड दुसरीकडेच चालू असते.

सांगलीकरांना हे खरं तर कोणी शिकवायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की इथला माणूस काय विचारतो? "कोयनेतून किती सोडलंय? महाबळेश्वरला पाऊस किती झाला?" ऑगस्ट २०१९ मध्ये ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही सगळ्यांचे कान सातारा जिल्ह्याकडेच लागले होते. पूर दिसतो सांगलीत, पण त्याचं कारण वर असतं. मग हीच अक्कल टाकीपुढे कुठे जाते?

तर वर काय काय असू शकतं ते बघू. पेलाभर पाणी काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पांढरा थर बसला असेल तर बहुधा नव्या वाळूची धूळ आहे. फिल्टर चालू द्या आणि गप्प बसा. कॅल्शियम किंवा अल्कलिनिटी वाढवणारं औषध जास्त पडलं असेल आणि हीटरवर पांढरा खरखरीत थर धरला असेल, तर चुना बाहेर पडतोय, डोस थांबवा. पाण्याला हिरवी झाक असेल तर ते शेवाळ. दिवे जास्त वेळ जळतायत किंवा खाणं जास्त पडतंय.

आणि पेला सकाळीही तसाच दुधाळ असेल, तर बहुधा बॅक्टेरिया. टाकी नवी असेल, मासे सोडलेले नसतील, तर काही करू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतातच. पण टाकीत मासे असतील तर मात्र घड्याळ सुरू झालं समजा. हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा मुळातच सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतो. त्यात एप्रिल-मेचा सांगलीचा उन्हाळा! शिवाय समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तिथे अमोनिया पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त विषारी ठरतो. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, उलट दगा देतो.

मग आधी एअर पंप लावा, अमोनिया मोजा, खाणं बंद करा आणि दगडामागे एखादा मासा मेलाय का ते शोधा. वळवाच्या पावसात रात्री काही तास लाईट गेली होती का, तेही आठवा. बंद पडलेल्या फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरतात आणि लाईट आली की ती सगळी घाण टाकीत येते. अमोनिया निघालाच तर तेवढ्याच खारटपणाचं, तेवढ्याच तापमानाचं पाणी घेऊन चौथा हिस्सा बदला.

पाणी नितळ करणारी बाटली ओतली तर काय होईल? कदाचित काच स्वच्छ दिसेल, आणि दगडामागचा मासा तिथेच कुजत राहील. सगळी टाकी रिकामी करून नळाखाली घासली तर क्लोरीनने उरलीसुरली वसाहतही मरेल. आमच्या धंद्यात लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की सर्व्हर परत उठतो.

नदीतला मासा निदान दुसरीकडे पोहून जाऊ शकतो. आपण त्याला चार काचांमध्ये ठेवलंय, तेव्हा ओतण्याआधी मोजण्याइतका धीर तरी आपल्याकडे हवा. तो नसेल तर मीठ विकत घेऊच नये. असो!