मास्टरशेफ चालू असतानाच चॅनल गायब! ऑस्ट्रेलियातल्या गावाकडच्या टीव्हीचं नेमकं काय चाललंय?

‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ आपल्याकडेही अनेकांनी आवडीने पाहिलंय. तिकडे हा शो नेटवर्क टेन या चॅनलवर लागतो. २०२४ चा सीझन रंगात आला होता, फिनाले दोनेक आठवड्यांवर होता आणि ३० जूनला मिल्ड्युरा शहरातल्या टीव्हीवरून टेन हे चॅनलच बंद झालं.

मिल्ड्युरा म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचं वायव्य टोक. मरे नदीचा काठ, द्राक्षांचे मळे, संत्र्यांच्या बागा. मेलबर्न इथून पाचशे किलोमीटरहून लांब. तिथे टेन दाखवणारी कंपनी विन आणि सेव्हन यांच्या भागीदारीत चालायची. खर्च परवडत नाही म्हणून ती बंद केली गेली. ज्यांना टेन बघायचंय त्यांनी इंटरनेटवर बघा, असा पर्याय उरला. ज्यांच्याकडे धड नेट नाही, त्यांचं काय? हा प्रश्न तिथल्या लोकांनीही विचारला.

ही एका शहराची गोष्ट वाटते, पण तशी ती नाही. गेल्या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या गावाकडच्या टीव्हीत मालक आणि चॅनल यांची जी अदलाबदल झाली, त्याचं हे एक टोक आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ

ऑस्ट्रेलियात मोफत दिसणारी तीन मोठी खासगी नेटवर्क्स आहेत : सेव्हन, नाईन आणि टेन. त्यांचा मुख्य कारभार सिडनी, मेलबर्नसारख्या महानगरांत. लहान शहरांत प्रक्षेपणाचं लायसन्स वेगळ्याच कंपन्यांकडे असायचं. या कंपन्या मोठ्या नेटवर्कचे कार्यक्रम घ्यायच्या, आपल्या टॉवरवरून दाखवायच्या, मधे स्थानिक जाहिराती आणि स्थानिक बातम्या घालायच्या आणि जाहिरातीच्या कमाईतला वाटा नेटवर्कला द्यायच्या. थोडक्यात, मोठ्या कंपनीचा माल विकणारा जिल्ह्याचा डीलर. याला तिकडे ‘अफिलिएशन’ म्हणतात.

पूर्वी बऱ्याच भागांत एकच खासगी चॅनल असायचं. १९८९ पासून सरकारने शेजारचे भाग एकत्र जोडून प्रत्येक ठिकाणी तीन चॅनल्स आणली. मग जोड्या ठरल्या. प्राइमने सेव्हनचा हात धरला, विनने नाईनचा आणि सदर्न क्रॉसकडे बहुतेक ठिकाणी टेन आलं. मालक कुणी इतकं मोठं होऊ नये म्हणून नियमही होता : एका मालकाच्या चॅनल्सची पोहोच देशाच्या ७५ टक्के लोकसंख्येच्या वर जाता कामा नये. म्हणजे महानगरातल्या नेटवर्कला डीलरची गरज कायद्यानेच होती.

मग बिनसलं कुठे?

इंटरनेटवर. २०१६ च्या सुरुवातीला नाईनने आपलं ‘नाईननाऊ’ सुरू केलं आणि चॅनल थेट मोबाईलवर दिसू लागलं. वोलोंगाँगच्या विन कंपनीचं डोकं फिरलं. आमच्या भागात नाईन दाखवायचा हक्क आमचा, मग तुम्ही त्याच भागातल्या लोकांना नेटवरून परस्पर कसं दाखवता? विन कोर्टात गेली आणि हरली. टॉवरवरून प्रक्षेपणाचा हक्क विनचा असला तरी नेटवरून दाखवायला नाईनला अडवता येत नाही, असा निकाल एप्रिल २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने दिला.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. डीलरच्या दुकानासमोरच कंपनीने स्वतःची होम डिलिव्हरी सुरू केली आणि कोर्ट म्हणालं, चालतंय.

त्याच वर्षी १ जुलैला नाईनने जवळपास २७ वर्षांची विनची साथ सोडली आणि सदर्न क्रॉसशी ५ वर्षांचा करार केला. अट काय, तर जाहिरातीच्या कमाईतला निम्मा वाटा नाईनचा. विनने मग सदर्न क्रॉसने सोडलेलं टेन घेतलं. प्रेक्षकांचा मात्र गोंधळ. वर्षानुवर्षं जे बटण दाबून नाईन लागायचं, तिथे आता टेन. लोकांना सवय होते ना होते, तोच २०२१ च्या जुलैमध्ये नाईन परत विनकडे आलं आणि सदर्न क्रॉस परत टेनकडे. पुन्हा तीच कसरत! अट मात्र तीच : निम्मी कमाई नाईनची.

टॉवर, इंजिनिअर, विक्रीची माणसं आणि बातमीदार यांचा खर्च डीलरचा, आणि उत्पन्नातला अर्धा वाटा वर पाठवायचा. त्यात जाहिरातदार गूगल आणि फेसबुककडे वळलेले. हे गणित कुठवर टिकणार?

डीलर विकायला निघाले

ऑक्टोबर २०१७ मध्ये ७५ टक्क्यांचा नियम रद्द झाला आणि नेटवर्कला डीलर विकत घेण्याचा रस्ता मोकळा झाला. सेव्हनने २०१९ मध्ये प्राइमवर पहिला प्रयत्न केला, पण विनचे मालक ब्रूस गॉर्डन आणि वर्तमानपत्र उद्योजक अँटनी कॅटलानो या दोन भागधारकांच्या विरोधामुळे तो फसला. २०२१ च्या अखेरीस १३.१९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना सौदा झाला आणि २०२२ मध्ये प्राइम हे नावच स्क्रीनवरून गेलं.

मार्च २०२५ मध्ये सदर्न क्रॉसने क्वीन्सलँड, दक्षिण न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियातली चॅनल्स टेनला दिली. टेनची मालक अमेरिकेची पॅरामाउंट. टास्मानिया, डार्विन, ब्रोकन हिल आणि मध्य-पूर्व ऑस्ट्रेलियाचा दुर्गम पट्टा सेव्हनने घेतला, फक्त ३७.५ लाख डॉलरमध्ये. तुलनेसाठी सांगते, २००७ मध्ये नाईनने न्यूकॅसलचं एनबीएन एकटं २५ कोटींना घेतलं होतं. दोन्ही बाजारपेठा सारख्या नाहीत हे खरं, पण उतार किती तीव्र आहे ते कळतं.

आणि गंमत बघा. टीव्ही विकून फक्त रेडिओवाली राहिलेल्या सदर्न क्रॉसने सप्टेंबर २०२५ मध्ये विलीनीकरण जाहीर केलं, तेही चक्क सेव्हनच्या मालक कंपनीशी!

यात गावातल्या माणसाचं काय?

मालिका आणि मॅचेस नेटवरही मिळतील. मुद्दा बातम्यांचा आहे. जून २०१९ मध्ये विनने ऑरेंज, डबो, अल्बरी, वागा वागा आणि वाइड बे इथल्या न्यूजरूम बंद केल्या. २०१७ मध्ये नाईनने सदर्न क्रॉससोबत मोठा गाजावाजा करत वेगवेगळ्या भागांसाठी स्थानिक बातमीपत्रं सुरू केली होती. २०२१ मध्ये करार तुटला आणि त्या चॅनल्सवरची ती बातमीपत्रंही संपली. म्हणजे बातमीदाराची नोकरी आणि गावाची बातमी दोन्ही अशा करारावर लटकलेली, ज्यावर सही करणारे लोक सिडनीत बसतात.

कायदा अगदीच गप्प नाही. मोठ्या प्रादेशिक भागांतल्या चॅनल्सना दर सहा आठवड्यांत ७२० गुणांइतका स्थानिक मजकूर दाखवावा लागतो. विक्री किंवा विलीनीकरणामुळे मालकाची पोहोच ७५ टक्क्यांवर गेली, तर ९०० गुणांइतका. पण गुण मिळतात मिनिटांवर. नगरपालिकेच्या बैठकीला कुणी स्वतः जाऊन बसलं होतं की दूरच्या स्टुडिओत बसून प्रेस नोट वाचली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मोठ्या स्वतंत्र डीलर्सपैकी आता विन उरली आहे. तिचे मालक गॉर्डन यांची नाईनमध्येही मोठी हिस्सेदारी आहे, त्यामुळे ‘स्वतंत्र’ हा शब्दही जरा जपूनच वापरावा लागतो. नाईनसोबतचा विनचा २०२१ चा करार ७ वर्षांचा, म्हणजे २०२८ च्या मध्यात तो संपेल. तोपर्यंत किती घरांत टीव्हीला अँटेनाची वायर जोडलेली असेल, यावर नाईनला डीलर लागेल की नाही हे ठरेल.