दहा दिवसांचं औषध एकदम द्या

वस्तीत मूल तापाने फणफणलं, घास गिळताना रडू लागलं की आपण म्हणतो, “घशात गाठी आल्या.” मग गळ्याला हळद-चुना लागतो, मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या येतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि मूल शाळेत जातं.

बहुतेकदा हे निभावून जातं. कारण बरेचसे घसे विषाणूंमुळे दुखतात. सर्दी, खोकला, बसलेला आवाज सोबत असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि आराम पुरतो. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला अचानक ताप आला, सर्दी-खोकला नाही, टॉर्चच्या उजेडात टॉन्सिल सुजलेले व त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसले, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखल्या, तर स्ट्रेप्टोकॉकस जंतूची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. कॉलेजच्या, कामाला लागलेल्या पोरांनाही हे होतं. ती तर घरी सांगतही नाहीत. तोंड उघडेना, लाळ गळू लागली, श्वास अडकू लागला तर सकाळची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा.

या जंतूवर डॉक्टर बहुधा पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देतात, तेही १० दिवस. (पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठलं असेल तर आधी सांगा.) ताप दोन-तीन दिवसांत जातो, जंतू मागे राहू शकतो. मग काही मुलांचे दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही अनेक वर्षं. काहींना ऑपरेशन.

हे कुणाच्या कर्माचं फळ नव्हे. जंतू खोकल्या-शिंकण्यातून पसरतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपली की त्याचं फावतं.

आमचा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. एका सरकारी दवाखान्यात आम्ही आयांसोबत जातो. तिथे तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात, “संपल्या की परत या.” धुणीभांडी करणाऱ्या बाईने परत यायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगार कापला. त्यात पोराचा ताप उतरलेला. ती येत नाही, आणि “या बायका कोर्स पूर्ण करत नाहीत” असं ऐकवलं जातं. परिचारिकेच्या गणवेशात असताना आम्हीही आयांना असंच रागावलो आहोत. तेव्हा खाड्याचा हिशेब कधी विचारला नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. १० दिवसांचा कोर्स लिहिला तर १० दिवसांच्या गोळ्या त्याच दिवशी हातात द्या. आणि आयांनो, ताप उतरला तरी उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ नका, धाकट्यालाही देऊ नका.

रविवारी वंदनेनंतर विहारात या मागणीच्या अर्जावर सह्या घेतो आहोत. येताना मुलांना आणा. टॉर्च आम्ही आणतो.