कृतज्ञता म्हणजे गप्प बसणे नव्हे

पाच वेळची नमाज अदा करणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘अलहम्दुलिल्लाह’ दिवसातून दीडशेहून अधिक वेळा येते. सतरा फर्ज रकअतींपैकी प्रत्येकीत सूरह फातिहा असते आणि तिची सुरुवातच अल्लाहच्या स्तुतीने होते. नमाजनंतरच्या तस्बीहमध्ये तेहतीस वेळा तोच शब्द. शिंक आली, जेवण झाले, कोणी खुशाली विचारली, की पुन्हा तोच. एवढे आभार मानणारे आपण मग एवढे असमाधानी का दिसतो? वीजबिल, शेजारी, सासर, नोकरी, प्रत्येक गोष्टीबद्दल आपल्याकडे तक्रार तयार असते.

कृतज्ञतेने माणूस सुखी होतो, हे आता मानसशास्त्रही सांगते. २००३ साली अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कुलो यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता, त्यांच्या शारीरिक तक्रारी कमी होत्या. रोज लिहिणाऱ्यांच्या दुसऱ्या पाहणीत आभार लिहिणाऱ्यांनी इतरांना आधारही जास्त दिल्याचे आढळले. मात्र पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. सवय झाली की शब्द पोकळ होतो. आपल्या तस्बीहचे नेमके हेच झाले आहे.

पण याहून मोठी अडचण दुसरी आहे. कृतज्ञता हे आजकाल मन शांत ठेवण्याचे औषध म्हणून विकले जाते. जे मिळाले त्यात समाधान माना, तक्रार करू नका, म्हणजे सुखी व्हाल, असा त्याचा अर्थ लावला जातो. मशिदीच्या मिंबरवरूनही कधीकधी हेच ऐकू येते. हा अर्थ मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते आपल्या कर्जत-खालापूरकडे पाहिले तरी कळते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाडीला रस्ता नव्हता. जवान, गिर्यारोहक आणि आसपासचे तरुण भर पावसात पायी वर गेले. नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. जी ठाकर कुटुंबे वाचली, त्यांना ‘जीव वाचला, देवाचे आभार माना’ असे आपण सांगायचे का? ते आभार मानतील किंवा न मानतील, तो त्यांचा आणि त्यांच्या देवाचा प्रश्न. आपण बाहेरून तो उपदेश करतो, तेव्हा रस्ता का नव्हता, सुरक्षित जागेची सोय आधी का झाली नाही, हे प्रश्न आपण त्यांच्या तोंडून काढून घेतो. शुक्र ही ज्याला मिळाले त्याची जबाबदारी आहे. ज्याचे गेले, त्याच्या बाबतीत आपले कर्तव्य न्यायाचे आहे.

इमाम ग़ज़ाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये शुक्रचे तीन भाग सांगितले आहेत. आधी ज्ञान, म्हणजे नेमत कोणाकडून आणि कशी आली ते ओळखणे. मग मनाची अवस्था, म्हणजे आनंद. आणि शेवटी कृती, म्हणजे ती नेमत योग्य कामी लावणे. आपण तिन्ही गाळून फक्त जीभ ठेवली. आनंद मधल्या पायरीवर येतो, त्याच्या आधी ज्ञान आहे, हे विसरलो.

हे ज्ञान कसे असते? कर्जतची पेज नदी घ्या. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या बहुतेक नद्या मार्चपर्यंत आटतात, पेज मात्र वाहत राहते. कारण मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी बोगद्यातून भिवपुरीच्या वीजगृहात येते आणि वीज करून पेजेत सोडले जाते. हे वीजगृह १९२२ सालचे. या पाण्यावर राजनाला कालव्याकाठी उन्हाळी भात पिकते. खालापुरात तेच काम खोपोलीचे १९१५ सालचे वीजगृह करते आणि त्याचे पाणी पाताळगंगेला मिळून पुढे कारखान्यांपर्यंत जाते. या धरणांसाठी घाटावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. मुळशीच्या धरणाला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली विरोध झाला, तो याच मालिकेतला. म्हणजे आपल्या ताटातल्या उन्हाळी भातामागे अल्लाहची कृपा आहे, अभियंत्यांचे आणि मजुरांचे कष्ट आहेत, आणि कोणाची तरी बुडालेली शेतीही आहे. आणि त्याच तालुक्यातील कित्येक आदिवासी वाड्या मे महिन्यात टँकरची वाट पाहतात.

हे सगळे माहीत असलेल्या माणसाचे ‘अलहम्दुलिल्लाह’ वेगळे असेल. तो वुजू करताना नळ अर्धाच उघडेल. शेतावर लावणीला येणाऱ्या कातकरी बाईची मजुरी संध्याकाळी हातात देईल. वाडीच्या पाणी योजनेसाठी ग्रामसभेत हात वर करील. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्या ‘माणसांमध्ये’ धर्म किंवा जात पाहण्याची मुभा आपल्याला कोणी दिलेली नाही.

आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या दिवशी म्हणा, एक वही घेऊन बसावे. मिळालेली एकच गोष्ट लिहावी, ती कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली ते लिहावे, आणि त्यांपैकी एकाचे देणे कसे फेडणार तेही लिहावे. अशा हिशोबातून येणारे समाधान टिकाऊ असते, कारण त्यात आपण एकटे नसतो. अल्लाह आपल्याला शुक्र समजण्याची आणि तो कृतीत आणण्याची बुद्धी देवो. आमीन.