तीन खाड्यांचा हिशेब

महासाथ ओसरल्यावर आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु त्या काळात घाईने घेतलेल्या निर्णयांचा हिशेब मात्र मांडायचा राहून गेला. त्यांपैकी एक निर्णय माझाही होता. घरी वृद्ध व्यक्ती असलेल्या आणि तिच्यासाठी मदतनीस ठेवलेल्या प्रत्येक कुटुंबाशी त्याचा संबंध आहे, म्हणून आज तो वाचकांसमोर ठेवतो.

ऑगस्ट २०२१ मधील गोष्ट. डोंबिवलीतील माझ्या दवाखान्याजवळ राहणारे ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेले होते. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे. आजोबांची सारी शुश्रूषा बदलापूरहून येणाऱ्या एका मावशींकडे होती आणि ती त्या चार वर्षे करीत होत्या. टाळेबंदीत कधी एसटीने, कधी त्याच घरी मुक्काम करून त्यांनी काम निभावले. पुढे १५ ऑगस्टपासून लोकल प्रवासाची मुभा मिळाली, पण ती लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांनाच. मावशींनी तोवर एकही मात्रा घेतली नव्हती. मुलाने मला विचारले, ‘‘काय करावे?’’ दवाखान्यात गर्दी होती. मी दोन मिनिटांत उत्तर दिले, ‘‘आजोबांच्या जिवाचा प्रश्न आहे. लस घेतलेली बाई बघा.’’

ब्युरोमार्फत नवी बाई आली. तिच्याकडे दोन्ही मात्रांचे प्रमाणपत्र होते. आजोबांची कूस वेळेवर बदलण्याचा सराव मात्र नव्हता. दिवाळीपर्यंत त्यांच्या माकडहाडावर शय्याव्रण झाले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा ही बाई चार दिवस खोकत कामावर येत राहिली. कारण साधे होते : खाडा झाला की पैसे कापले जात. पाचव्या दिवशी आजोबांना ताप भरला. नऊ दिवस रुग्णालयात काढून ते घरी परतले. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या, म्हणूनच ते त्यातून निभावले असे मी मानतो. परंतु त्यानंतर त्यांना आधार देऊन खुर्चीत बसवणेही कठीण झाले.

त्याच सुमारास जुन्या मावशी आपल्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मी विचारले, ‘‘तुम्ही लस का घेतली नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, भीती होतीच थोडी. पण रांगेत एक दिवस जातो, तापात दोन दिवस जातात. तीन खाडे कोण भरून देणार? मला कुणी हे विचारलंच नाही.’’

त्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या क्षणी आणखी एक हिशेब माझ्या ध्यानात आला. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर त्या काळी किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे होते. मावशींनी १५ ऑगस्टलाच पहिली मात्रा घेतली असती, तरी चौऱ्याऐंशी आणि चौदा मिळून अठ्ठ्याण्णव दिवस, म्हणजे नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत त्यांना लोकलमध्ये पाऊल ठेवता आले नसते. नियम मान्य करूनही ज्याचे काम सुटते, त्याच्यासाठी तो नियम प्रोत्साहन ठरत नाही, शिक्षाच ठरतो.

सक्तीचा प्रश्न जुनाच

लशीची सक्ती ही काही कोविडने आणलेली नवी कल्पना नव्हे. मुंबई शहरात देवीच्या लसीकरणाचा कायदा १८७७ सालीच झाला होता. साथीच्या काळातील सरकारी सक्तीचे कटू स्मरणही महाराष्ट्राला आहे. १८९७ साली साथरोग कायदा झाला आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली सैनिकांकरवी घरांची झडती घेतली गेली. लोकक्षोभ इतका वाढला, की जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. साथ एकच, वर्षही एकच; पण लोकांचा विश्वास मागण्याच्या या दोन रीती किती निराळ्या होत्या!

कोविडच्या वेळी केंद्र सरकारची भूमिका लसीकरण ऐच्छिक असल्याची होती. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून मोहीम सुरू झाली, तेव्हाही आणि पुढेही ती बदलली नाही. प्रत्यक्षात मात्र राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनांनी निरनिराळ्या अटी घातल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे जाहीर केले. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल वा शिधा न देण्याचा आदेश निघाला. कागदावर लस ऐच्छिक होती. हातावर पोट असलेल्यांच्या वाट्याला मात्र ती सक्तीचीच आली.

मेघालयातील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील जिल्हा प्रशासनांनी दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीचालक यांना लस घेतल्यावाचून व्यवसाय सुरू करू नये, असे बजावले. जून २०२१ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने ही सक्ती अवैध ठरवली. बळजबरीने लसीकरणाच्या कल्याणकारी हेतूलाच बाधा येते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पण न्यायालय तेथे थांबले नाही. दुकानांवर आणि वाहनांवर ‘लस घेतलेली आहे’ किंवा ‘घेतलेली नाही’ असा फलक ठळकपणे लावावा, असा आदेशही त्याने दिला. निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य कामगाराला आणि माहितीचा अधिकार ग्राहकाला, असा तो तोडगा होता.

पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादावर निकाल दिला. आपल्या शरीराविषयीची स्वायत्तता हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचा भाग आहे, म्हणून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकते. फक्त त्या मर्यादा प्रमाणाला धरून असल्या पाहिजेत, हेही स्पष्ट केले. लस न घेतलेल्यांपासून होणारा प्रसार घेतलेल्यांपेक्षा अधिक आहे, हे दाखवणारी पुरेशी आकडेवारी सरकारांनी मांडली नाही. सबब त्या वेळच्या अटी प्रमाणबद्ध म्हणता येणार नाहीत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. लसीकरणाचे धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही. ‘लसच चुकीची होती, असे न्यायालय म्हणाले’ असे सांगणारे मला आजही भेटतात. तसे न्यायालय म्हणालेले नाही.

लस कोणाचे रक्षण करते?

माझ्या मते या साऱ्या वादाचा गाभा एका वैद्यकीय प्रश्नात आहे. लस घेणाऱ्याचे रक्षण किती होते आणि त्याच्या सान्निध्यातील दुसऱ्याचे किती? जेथे लस प्रसारच रोखते, तेथे ‘तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका आहे’ हा युक्तिवाद बळकट असतो. देवी किंवा गोवर यांच्या बाबतीत तो तसा आहे. कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून मोठे संरक्षण दिले, आणि वृद्धांच्या बाबतीत हा लाभ सर्वांत मोठा होता. प्रसारालाही त्यांनी आरंभी काही प्रमाणात आळा घातला. परंतु हा दुसरा लाभ काही महिन्यांत ओसरे, आणि ओमायक्रॉन आल्यावर तर तो फारच क्षीण झाला. म्हणून जो नियम जून २०२१ मध्ये समर्थनीय वाटला असता, तोच जानेवारी २०२२ मध्ये लंगडा पडला. विषाणू बदलतो तसा नियमही बदलण्याची तयारी हवी.

इंग्लंडने याचा अनुभव घेतला. तेथे ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहांत काम करणाऱ्यांना लस सक्तीची झाली. अनेकांनी नोकरी सोडली किंवा गमावली. आधीच मनुष्यबळ कमी असलेल्या संस्थांची ओढाताण वाढली. पुढे हाच नियम साऱ्या आरोग्यसेवेला लागू व्हायचा होता. पण ओमायक्रॉननंतर सरकारने फेरविचार केला आणि १५ मार्च २०२२ रोजी मूळ सक्तीही रद्द झाली. अमेरिकेत १३ जानेवारी २०२२ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले. शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या उद्योगांवरील ‘लस घ्या, नाहीतर दर आठवड्याला चाचणी करा’ हा नियम न्यायालयाने स्थगित केला, कारण संबंधित खात्याला इतका व्यापक अधिकार कायद्याने दिलेला नाही, असे त्याचे मत पडले. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरील सक्ती मात्र त्याने कायम ठेवली.

हे दोन्ही निर्णय कायद्याच्या मुद्द्यांवर झाले असले, तरी त्यांतील भेद डॉक्टर म्हणून मला पटतो. गोदामात खोकी उचलणारा आणि अंथरुणावरील रुग्णाला भरवणारा, यांची जबाबदारी सारखी नसते. जो दुर्बलाच्या श्वासाइतका जवळ जातो, त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवणे योग्यच आहे. वय वाढते तशी लशीला मिळणारी शरीराची साथ मंदावते. म्हणून वृद्धाभोवतीची माणसे निरोगी राहणे हेही त्याचे कवच असते. मात्र या कवचाविषयीही अतिशयोक्ती नको. १९९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊन अभ्यास झाले. जेथे कर्मचाऱ्यांनी लस घेतली, तेथे रुग्णांतील मृत्यू कमी आढळले. तथापि नंतरच्या चिकित्सक आढाव्यांनी हा पुरावा भक्कम नसल्याचे नोंदवले. कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी, असे मी त्यानंतरही सांगतो. तेवढ्याने रुग्ण सुरक्षित झाला, असे मात्र सांगत नाही.

घरातील नियम

आपल्या घरी मदतनीस ठेवताना आपण सारे छोटे ‘सरकार’च असतो. नियम आपण करतो आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. म्हणून काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, अट घालण्यापूर्वी अडचण विचारावी. लशीचा दिवस आणि नंतरचे तापाचे दोन दिवस पगारी धरावेत. लशीचा खर्च कुटुंबाने करावा आणि शक्य असल्यास घरातील कोणीतरी सोबत जावे. शंका असतील तर मदतनिसाला आपल्या डॉक्टरांशी बोलू द्यावे. पूर्वीची ॲलर्जी किंवा एखादा आजार असेल, तर तो निर्णय डॉक्टरांनीच करायचा असतो.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. खोकला, ताप किंवा जुलाब झाल्यास मदतनिसाने कळवावे, घरी राहावे आणि त्या दिवसाचे पैसे कापले जाऊ नयेत. नाइलाजाने यावेच लागले, तर दोघांमध्ये मुखपट्टी, हात धुणे आणि उघडी खिडकी हवी. प्रमाणपत्र वर्षानुवर्षे फायलीत राहते. आज सकाळी आलेला खोकला त्यात दिसत नाही.

तिसरी गोष्ट, जी अपेक्षा मदतनिसाकडून, ती आधी स्वतःकडून. मुलगा, सून, शाळेतून येणारी नातवंडे यांच्याकडूनही संसर्ग येतोच. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. वृद्धांसाठी न्यूमोनियाविरोधी लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातील किती जणांच्या लसी वेळेवर झाल्या आहेत, हे एकदा तपासून पाहावे.

आणि चौथी गोष्ट, इतके करूनही एखादीने नकार दिला, तर ती देत असलेली शुश्रूषा आणि तिच्यापासून संभवणारा धोका, दोन्ही एकाच तराजूत तोलावेत. मी फक्त धोका तोलला होता. चार वर्षांत एकदाही शय्याव्रण होऊ न देणारे हात तोलले नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी त्या मुलाला बोलावून माझी चूक सांगितली. त्याने मावशींना फोन केला. एका सकाळी तो स्वतः त्यांना स्कूटरवरून लसीकरण केंद्रावर घेऊन गेला आणि पुढच्या दोन दिवसांसह तीन दिवसांचे पैसे त्याने त्यांच्या हातावर ठेवले. एप्रिलच्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले आणि मावशी पुन्हा बदलापूरच्या लोकलने येऊ लागल्या. आजोबा त्यानंतर दीड वर्ष होते. त्यांचे शय्याव्रण भरून आले.