टेबलाची कोणती बाजू?

कायद्याच्या अभ्यासक्रमात एक अट आहे, आणि तिच्याकडे विद्यार्थी, प्राध्यापक किंवा पालक यांपैकी कोणीच फारशा गांभीर्याने पाहत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्याने किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावयाचा असतो. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ तो घेता येत नाही. आज या प्रकाराला 'इंटर्नशिप' म्हणतात. जुने वकील 'उमेदवारी' म्हणत, आणि मला तो शब्द अधिक आवडतो. कारण त्यात शिकण्याची उमेदही आहे आणि वरिष्ठाच्या पिशव्या उचलण्याची तयारीही.

ही उमेदवारी वकिलांकडे, न्यायालयांत, स्वयंसेवी संस्थांत, कंपन्यांत, विधिमंडळात, स्थानिक स्वराज्य संस्थांत, कोठेही करता येते. व्यवहारात काय होते, ते सर्वांना माहीत आहे. ज्यांची ओळख आहे, मुंबईत राहण्याची सोय आहे, ती मुले मोठ्या लॉ फर्ममध्ये जातात. उरलेल्यांपैकी अनेकजण ओळखीच्या वकिलाकडे चार दिवस जाऊन चार आठवड्यांचे प्रमाणपत्र आणतात. मग शिक्का बसतो, जर्नल पूर्ण होते, आणि एक अट कागदावर पार पडते.

हे आठवडे तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत घालवता येतील का, असा प्रश्न मला गेली काही वर्षे पडतो आहे. हा विचार माझ्या डोक्यात आला तो कायद्याच्या पुस्तकातून नव्हे. बँकेच्या काउंटरमागे बसून तीस-बत्तीस वर्षे मी निराधारांची पासबुके पाहिली. नोंदी करून ती परत देताना समोरच्या म्हातारीला 'आजी, अजून जमा नाही झाले' हे वाक्य किती वेळा म्हटले असेन, याची गणती नाही. ते अनुदान जेथे अडते ती जागा बँक नव्हे, आणि पुष्कळदा सरकारची तिजोरीही नव्हे. ते अडते एका कागदावर, आणि कागद वाचणे हे तर कायदा शिकणाऱ्याचे काम आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, देवदासी, तृतीयपंथी, असे ज्यांना कमावता आधार नाही, त्यांच्यासाठी ही योजना आहे. पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली या अनुदानाची रक्कम दरमहा हजारावरून दीड हजार झाली. अर्ज तहसील कार्यालयात जातो, तपासणी होते, आणि तालुका समितीपुढे ठेवला जातो. या समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, तहसीलदार सदस्य सचिव. म्हणजे अर्धा कारभार नियमाचा आणि अर्धा तालुक्याच्या राजकारणाचा, अशी ही रचना आहे. यादीत नाव आले की लोक ते कोणाच्या तरी कृपेने आले असे मानतात; न आले तर कोणाच्या तरी अवकृपेने. नियमाने आले किंवा नियमाने नाकारले, असे म्हणणारा माणूस मला त्या रांगेत क्वचितच भेटला.

आता उत्पन्नाच्या अटीकडे पाहा. २०२३ साली अनुदान वाढले तेव्हाही विधवा किंवा परित्यक्ता अर्जदाराच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार रुपये होती. बँकेतल्या माणसाला आकडे मांडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मांडतो. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. या दराने एखाद्या विधवेने वर्षात ७१ दिवस काम केले तर तिचे उत्पन्न २१,०८७ रुपये होते. म्हणजे उरलेले २९४ दिवस ती रिकामी बसली तरी निराधार ठरत नाही. याचा अर्थ असा की जी बाई जिवंत आहे, दोन वेळा जेवते आहे, तिला हे अनुदान मिळवण्यासाठी आपले उत्पन्न कमी सांगावे लागते. तलाठ्याला ते ठाऊक असते, तहसीलदाराला ठाऊक असते, आणि तरी दाखला निघतो, कारण न निघाला तर कोणालाच काही मिळणार नाही. पुढे कोणाला तिचे नाव वगळायचे झाले तर हाच दाखला तिच्या विरुद्ध वापरता येतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारा नियम म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका दाखल्यावरून विद्यार्थ्याला अधिक चांगले समजेल.

दुसरी गोष्ट कारणाची. अर्ज नामंजूर झाला किंवा चालू अनुदान बंद पडले, तर रांगेतल्या माणसाला कळते ते एवढेच की 'त्रुटी आहे'. कोणती त्रुटी, कोणत्या नियमाखाली, कोणी काढली, ती कशी दूर होईल, यांपैकी काही कागदावर मिळत नाही. वास्तविक माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ असे सांगते की, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन दिली पाहिजेत. त्यासाठी तिने अर्ज करण्याची गरज नाही. उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अधिसूचित सेवांमध्ये येतो. तो नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागते, आणि तीस दिवसांत अपील करता येते. कायदा आहे, कलम आहे, मुदत आहे. नाही ती फक्त एक व्यक्ती, जी खिडकीशी उभी राहून शांतपणे म्हणेल की, साहेब, हे लिहून द्या.

तिसरी गोष्ट बँक आणि तहसील यांच्यामधल्या खिंडीची. अनुदान थेट खात्यात जाऊ लागले, त्यामुळे मधली गळती कमी झाली हे मान्य करायलाच हवे. परंतु आधारच्या आधारे पाठवलेला पैसा आधार क्रमांकाशी शेवटी जे खाते जोडले गेले त्यात जातो. एखाद्या बाईने मध्यंतरी कोणाच्या सांगण्यावरून दुसरीकडे कुठे अंगठा देऊन खाते उघडलेले असते आणि ते ती विसरलेली असते. तहसील म्हणते पैसे पाठवले, जुनी बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. तालुक्याच्या गावी असताना एक परित्यक्ता बाई पाच महिने या दोन इमारतींमध्ये फेऱ्या घालत होती. प्रत्येक फेरीला एसटीचे येण्याजाण्याचे भाडे आणि एक बुडालेला रोज. पाच महिन्यांनंतर पैसे सापडले ते तिच्याच नावावर, दुसऱ्या खात्यात. तिला कायद्याचे मोठे ज्ञान नको होते. आधार कोणत्या खात्याशी जोडला आहे हे विचारणारा आणि मिळालेले उत्तर दुसऱ्या टेबलापर्यंत पोचवणारा माणूस हवा होता. तो माणूस आज तिथे आहेच. त्याला एजंट म्हणतात आणि तो अर्ज भरण्यापासून नाव लागेपर्यंतच्या कामाचे पैसे घेतो.

अशा कार्यालयांत विधी विद्यार्थ्यांनी विनावेतन काम करण्याची प्रथा जगात नवी नाही. अमेरिकेत सरकारी खात्याने कोणाकडून फुकट सेवा घेऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला विद्यार्थ्यांपुरता अपवाद १९७८ च्या कायद्याने करण्यात आला. शिक्षणसंस्थेची परवानगी हवी, काम शिक्षणाला पोषक हवे, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्यामुळे एकाही कर्मचाऱ्याची जागा जाता कामा नये, अशा अटी त्यात आहेत. तेथील सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या सुनावणी कार्यालयांत असे विद्यार्थी घेतले गेले आहेत. ते अपंगत्व-लाभाच्या फायली वाचतात, टिपणे काढतात, निर्णयाच्या मसुद्याला मदत करतात. म्हणजे ते टेबलाच्या आतल्या बाजूला बसतात.

हे तिथे चालते, कारण टेबलाच्या बाहेरची बाजू अगदीच रिकामी नाही. १९७० साली 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गरिबाला मिळणारे सरकारी साहाय्य त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय बंद करता येणार नाही. हा दावा न्यूयॉर्कच्या साहाय्यधारकांच्या वतीने गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी लढवला होता. तिथल्या विधी महाविद्यालयांच्या मदत केंद्रांतही विद्यार्थी अर्जदाराचीच बाजू सांभाळतात. आपल्याकडे आतली खुर्ची अपुरी का होईना भरलेली आहे; बाहेरची खुर्चीच मांडलेली नाही. म्हणून परदेशातील योजना उचलून जशीच्या तशी आणली, तर आपल्या विद्यार्थ्याचा फुकटचा डाटा एंट्री ऑपरेटर होईल. तहसीलदारांना दोष देण्याचे कारण नाही. निवडणूक, पंचनामे, दाखले, मंत्र्यांचे दौरे यांत गुंतलेल्या कार्यालयाला मोफत हात मिळाला तर ते तो वापरणारच.

तात्पर्य, विद्यार्थ्याने तिथे बसावे, पण अर्जदाराच्या बाजूने बसावे. आणि त्याची नेमणूक तहसीलदाराच्या नव्हे, तालुका विधी सेवा समितीच्या हाताखाली असावी. या समितीचा अध्यक्ष त्या तालुक्यातील न्यायाधीश असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ खाली महिला आणि दिव्यांग व्यक्ती उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत विधी सेवेला पात्र आहेत. म्हणजे संजय गांधी शाखेसमोरची बहुतेक सगळी रांग. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये विधी महाविद्यालयांतील मदत केंद्रांना उत्तेजन देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाला सांगितले आहे, आणि २००९ च्या विधी स्वयंसेवक योजनेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना स्थान आहे. नवा कायदा करण्याची, नवे खाते काढण्याची जरुरी नाही. या साऱ्या तरतुदी आज मुख्यतः शिबिरांत खर्च होतात. बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होते, भाषणे होतात, छायाचित्र छापून येते, आणि गावातली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीशी उभी असते.

आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत. सनद नसलेल्याने वकिली करू नये, हा पहिला. पण अर्ज वाचून दाखवणे, पोच मागणे, लेखी कारण मागणे आणि अपिलाची तारीख वहीत लिहून ठेवणे ही वकिली नव्हे. प्रकरण त्यापुढे गेले तर समितीच्या वकिलाकडे द्यावे. दुसरा आक्षेप मुदतीचा. अर्जाला महिने लागतात आणि विद्यार्थी चार आठवड्यांत निघून जातो. यावर बँकेत एक जुना उपाय आहे. अधिकारी बदलून जाताना चार्ज लेखी देतो. किल्ल्या, शिल्लक, अपुरी कामे, सगळे नोंदवून दोघांच्या सह्या होतात. महाविद्यालयाने प्रत्येक शाखेसाठी अशी एक वही ठेवावी. मुले बदलतील, वही तिथेच राहील. तिसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. या फायलींत एचआयव्हीबाधितांची, नवऱ्याने टाकलेल्या बायकांची कागदपत्रे असतात. ही गोष्ट गावात फुटली तर अनुदानापेक्षा मोठे नुकसान होते. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आम्हा सर्वांना निष्ठा आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. विद्यार्थ्यानेही पहिल्या दिवशी ती करावी, आणि शक्यतो आपल्या स्वतःच्या गावच्या फायली त्याला देऊ नयेत.

शेवटचा प्रश्न पैशाचा. 'स्वयंसेवा' हा शब्द आपल्याकडे फार पवित्र मानला जातो, त्यामुळे त्यात कोणाला परवडते हे विचारणे अप्रशस्त वाटते. परंतु चार आठवडे विनामूल्य काम करणे ज्याच्या घरी पगार येतो त्यालाच जमते. जो मुलगा संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहून फी भरतो, ज्या मुलीच्या आईचे नाव याच योजनेच्या यादीत आहे, ती दोघे या उमेदवारीतून आपोआप वगळली जातील. त्या रांगेची भाषा, तिथली लाज आणि तिथला राग सर्वांत जास्त त्यांनाच कळतो. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन देऊ केले होते. म्हणजे कार्यालयात शिकणाऱ्याला पैसे देण्याचे तत्त्व सरकारला अमान्य नाही. येथे तेवढेही नको. एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण एवढे दिले तरी गरीब विद्यार्थ्याला दार उघडेल.

यातून गरिबी हटणार नाही. दीड हजारांत ती हटावी अशी अपेक्षाही नाही. तथापि एका तालुक्यात एका वर्षात शंभर नकार लेखी निघाले, तर २१ हजारांची मर्यादा किती जणांना बाद करते हे प्रथमच सरकारच्याच सहीशिक्क्यानिशी दिसेल. तोंडी नकाराला आकडा नसतो; म्हणून तो विधानसभेतही विचारला जात नाही आणि न्यायालयातही नेता येत नाही. या शैक्षणिक वर्षात एखाद्या विधी महाविद्यालयाने आणि एखाद्या तालुका समितीने मिळून दोन विद्यार्थी, एक बाक आणि एक वही एवढ्यावर सुरुवात करून पाहावी. अनेक तालुक्यांच्या गावी न्यायालय आणि तहसील यांच्यात जेमतेम एका भिंतीचे अंतर असते.